कोंड्याची पुरचुंडी

कुरोदा-सान त्या घराला आजोबा म्हणत असत. जपानीत त्यासाठी खास शब्द आहे. मुलाच्या हाती कारभार देऊन मागच्या खोलीत स्वस्थ बसलेल्या म्हाताऱ्याला तो लावतात. "आजोबांना आज बरं नाही," असं सकाळी त्या म्हणाल्या की समजायचं, रात्री पाऊस झाला आहे आणि जिन्याखालची तुळई ओलसर लागते आहे.

ईरा, परवा तू शाळेच्या सहलीचा फोटो पाठवलास. पांढऱ्या भिंती, त्यांतून आडवी-उभी-तिरपी गेलेली लाकडं, आणि सगळं घर एका अंगाला कललेलं. खाली तुझ्या भावाने, अनयने, लिहिलं होतं की आजी, असं घर फक्त इथे इंग्लंडातच असतं, तू कधी पाहिलं नसशील. पाहिलं आहे, बाळा. त्यात मी काम केलं आहे, आणि तेही जपानात. पण घराबद्दल लिहायला बसले की मला कुरोदा-सानच दिसतात, तेव्हा हे त्यांच्याबद्दलच होणार.

आबांची नेमणूक तेव्हा नागोयाला होती. नव्वदचं दशक अर्धं होत आलं होतं. तुमची आई तिथल्या शाळेत जायची आणि मी मराठीत हाक मारली की जपानीत ओ द्यायची. पुण्यात शिकलेली जपानी माझ्या गाठीला होती, इंग्रजी एम.ए. होते, आणि दिवसभर घरात करायला काही नव्हतं. अशा वेळी ओळखीच्या एका बाईंनी मला तो बाइतो, म्हणजे अर्धवेळेचं काम, मिळवून दिलं.

नागोयाहून गाडीने आणि मग बसने डोंगराकडे गेलं की एका कंपनीची मोठी बाग होती. बागेच्या मधोमध ते घर. आधीच्या दशकात जपानात पैशाचा पूर आला होता, तेव्हा कंपनीच्या अध्यक्षांनी इंग्लंडच्या पश्चिमेकडचं एका जमीनदाराचं चारशे वर्षांचं घर विकत घेतलं, खुंट्या काढून सुटं केलं, जहाजात घालून आणलं आणि इथे पुन्हा उभं केलं. तशा घराला खिळा नसतो. ओकचे खांब आणि तुळया एकमेकींत अडकवून लाकडी खुंट्या ठोकलेल्या असतात. मूळच्या सुतारांनी प्रत्येक सांध्यावर खूण कोरून ठेवली होती, त्यामुळे कुठला तुकडा कुठे जातो ते कळलं. मधल्या भिंती तिकडे कुडाच्या होत्या. मला हे वाचून हसू आलं होतं. काटक्यांचा कूड, त्यावर माती, शेण आणि गवत, वरून चुना. आपल्या कोकणातल्या गोठ्याची आणि इंग्लंडातल्या जमीनदाराची भिंत एकच. जपानात आणताना मात्र कूड टाकून दिला आणि लाकडांच्या मधे सिमेंटचे तक्ते बसवले, फटी रबराने बंद केल्या, आणि आत थंड हवेची यंत्रं लावली. नियम तसे होते म्हणे, आणि पाहुण्यांना वारा लागू नये अशीही इच्छा होती. घरात लग्नं व्हायची. पांढरा झगा घालून इंग्लिश घरात लग्न करायची तेव्हा तिकडे हौस होती.

परदेशी पाहुणे आले तर त्यांना घर दाखवायचं आणि घराबरोबर आलेले इंग्रजी कागद वाचून जपानीत सांगायचे, हे माझं काम. घर सांभाळणं हे कुरोदा-सानचं.

पहिल्या दिवशी मी त्यांना पाहिलं ते जिन्याच्या खांबाजवळ. साठीच्या, माझ्या खांद्यापर्यंत येतील एवढ्या, करड्या किमोनोच्या बाह्या दोरीने मागे बांधलेल्या. कंपनीने स्त्री नोकरांना जुन्या इंग्लिश मोलकरणींचा वेश दिला होता, काळा झगा, झालरीचा एप्रन आणि डोक्याला झालरीची टोपी. कुरोदा-साननी झगा घातलाच नाही. एप्रन किमोनोवर बांधला. टोपीचं काय करावं हा प्रश्न त्यांनी ती जिन्याच्या खांबाच्या डोक्यावर चढवून सोडवला. "आजोबांना ती जास्त शोभते," असं त्यांनी व्यवस्थापकांना सांगितलं आणि फार नम्रपणे वाकल्या. त्या इतक्या वाकल्या की व्यवस्थापकांना पुढे बोलता येईना. व्यवस्थापक तानाबे-सान चाळिशीचे, सभ्य, नेहमी थोडे घाईत असलेले गृहस्थ होते. कुरोदा-सानपुढे त्यांचं पुष्कळदा असं होई.

जपानी लोकांना 'ल' म्हणता येत नाही, त्यामुळे मी लेलेंची रेरे झाले. घरी आबा विचारायचे, "अरेरे-सान आल्या का कामावरून?" पुढेपुढे त्या चेष्टेत मला फारसं हसू येईनासं झालं.

कुरोदा-सान मूळच्या ओकामी, म्हणजे जुन्या पद्धतीच्या पांथशाळेची मालकीण. गरम पाण्याच्या झऱ्याकाठी त्यांच्या सासरची लाकडी पांथशाळा होती. त्या नवी सून म्हणून आल्या तेव्हा सासूने त्यांच्या हातात एक पुरचुंडी दिली आणि लांबलचक ओसरी दाखवली. पुरचुंडीत होता तांदळाचा कोंडा. जाडसर सुती कापडात तो बांधायचा आणि लाकडावर घासायचा. कोंड्याचं तेल कापडातून पाझरतं, लाकूड ते पितं. रोज, वर्षानुवर्षं. पाचव्या पिढीतल्या सुनेच्या हाताखाली ओसरीत चेहरा दिसतो, असं त्यांच्याकडे म्हणत. कुरोदा-सान पाचव्या. त्यांना ओसरीत चेहरा दिसत होता. मग ते पैशाचे दिवस आले, यजमान वारले, आणि दिरांनी पांथशाळा पाडून काँक्रीटचं उंच हॉटेल बांधलं.

"तिथे लिफ्ट आहे," कुरोदा-सान म्हणायच्या. "लिफ्टला ओकामी लागत नाही."

पाडताना त्या रस्त्याच्या पलीकडे उभ्या राहून सगळं पाहत होत्या. एवढंच त्यांनी मला सांगितलं, आणि पुढे म्हणाल्या, "एक पाहिलं. दुसरं पाहणार नाही." हे त्या पहिल्याच आठवड्यात म्हणाल्या, कारण तेव्हाच कंपनीत कुजबुज सुरू झाली होती की पैशाचे दिवस संपले, लग्नं कमी झाली आणि हे घर आता परवडत नाही. त्यांचं म्हणणं साधं होतं. घर इतकं देखणं ठेवायचं की पाडायचं कुणाच्या मनात येऊ नये.

म्हणून इथेही कोंडा. रोज सकाळी प्रत्येकाला पुरचुंडी मिळायची, मलाही. माझ्या हातात देताना त्यांनी विचारलं, तुमच्या देशात कोंड्याचं काय करतात? मी म्हटलं, गाईला घालतात, आणि आमच्यात म्हण आहे, भुकेला कोंडा आणि निजेला धोंडा. तिचा अर्थ सांगितल्यावर त्यांनी बराच वेळ मान डोलावली. "म्हणजे तुमच्याकडेही वाया जात नाही," त्या म्हणाल्या.

इंग्लंडातून आलं तेव्हा ते लाकूड राखाडी, कोरडं होतं, जुन्या हाडासारखं. कुरोदा-सानच्या हाताखाली ते मधाच्या रंगाचं झालं. एका टोकापासून सुरुवात करून त्या दुसऱ्या टोकाला पोचायच्या तोवर पहिलं टोक पुन्हा त्यांची वाट पाहत असायचं. पाहुणे लाकडाला हात लावून बघत. कंपनीने त्या चमकत्या तुळयांचे फोटो जाहिरातीत छापले. तानाबे-साननी सगळ्यांसमोर त्यांचे आभार मानले.

घर वाकडं होतं, हे तिथे कुणालाच पटत नसे. दिवाणखान्याची जमीन बागेच्या बाजूला उतरती होती. चारशे वर्षांत घर जसं बसत गेलं तसंच ते इथे जोडलं होतं. पण लग्नाला आलेल्या व्याह्यांना वाटायचं, कंपनीने काम कच्चं केलं. एका नवरीच्या आईने तर पेन्सिल जमिनीवर ठेवून ती घरंगळत कुठवर जाते ते तानाबे-सानना दाखवलं. त्यांनी जमीन सपाट करून घ्यायचं ठरवलं. कुरोदा-साननी त्यांना अडवलं नाही, फक्त पुढच्या लग्नात फोटोच्या वेळी मधे पडल्या. नवरा बुटका, नवरी उंच, आणि दोन्हीकडची माणसं त्यावरून अवघडलेली. कुरोदा-साननी नवऱ्याला हळूच चढाच्या बाजूला सरकवलं आणि नवरीला उताराच्या. फोटोत दोघं एकसारखी आली. नवरीच्या आईने डोळे पुसले. त्यानंतर जमिनीचा विषय निघाला नाही.

दुसरी गोष्ट धुराची. दिवाणखान्यात माणूस उभा राहील एवढी फायरप्लेस होती, पण अग्निशमन खात्याची परवानगी नव्हती. म्हणून कंपनीने तिच्यात नारिंगी दिवा आणि पंख्यावर फडफडणारी कापडी ज्योत बसवली होती. कुरोदा-सानना ती पाहवत नसे. जपानी खेड्यांतली जुनी घरं चुलीच्या धुराने टिकतात, कीड लागत नाही, हे त्यांनी लहानपणापासून पाहिलेलं. आजोबांना धूर मिळत नाही, नुसतं तेल मिळतं, ही त्यांची कायमची खंत. त्या परवानगीसाठी खात्यात जाऊन आल्या. पुन्हा गेल्या. शेवटी सुट्टीच्या एका सोमवारी त्यांनी आपली मातीची शेगडी फायरप्लेसमध्ये ठेवली आणि तिच्यावर बांगड्यासारखे तेलकट मासे भाजले. धूर व्हायला हवा तर तेलकटच मासा हवा, हे त्यांचं शास्त्र. घंटा वाजली, बंब आला. बंबातल्या माणसांना त्यांनी एकेक मासा दिला आणि त्यांनी तो खाल्ला. दुसऱ्या दिवशीच्या लग्नात मात्र सगळं घर मासळी बाजारासारखं घमघमत होतं. तानाबे-सान दारात उभे राहून प्रत्येक पाहुण्याची माफी मागत होते, आणि त्यांच्या शेजारी कुरोदा-सान, त्यांच्याहून जास्त वाकून.

मग पावसाळा आला. तिकडचा पावसाळा म्हणजे धो धो नव्हे. आठवडेच्या आठवडे हवा ओल्या फडक्यासारखी अंगाला चिकटते. त्या वर्षी तुळयांच्या भेगांतून पांढरी बुरशी दिसू लागली. कुरोदा-सान पुसत, पुन्हा कोंडा घासत, दोन दिवसांनी बुरशी परत. मग खांबांच्या पायाशी पिठासारखी भुकटी पडू लागली. आणि एका लग्नात, केक कापायच्या वेळी, नवरीच्या पांढऱ्या बाहीवर छतातून एक तपकिरी भुंगेरा पडला. नवरी किंचाळली नाही. तिने फक्त बाही शरीरापासून लांब धरली आणि तशीच उभी राहिली. कुरोदा-साननी पुढे होऊन तो चिमटीत उचलला. त्यांचा चेहरा मी तेव्हा पाहिला. लग्नाच्या पाहुण्यांकडे त्यांनी पाठ केली होती, त्यामुळे तो फक्त मला दिसला.

कंपनीने इंग्लंडातून मिस्टर हॅरोपना बोलावलं. घर सुटं करताना त्यांच्याच देखरेखीखाली केलं होतं. उंच, हळू बोलणारे, त्या उकाड्यातही लोकरी कोट घालून आलेले गृहस्थ. दुभाषी मी होते. एका बाजूला तानाबे-सान, दुसऱ्या बाजूला कुरोदा-सान, आणि आम्ही घरभर फिरलो. फायरप्लेसजवळच्या मोठ्या खांबाशी ते गुडघ्यांवर बसले, खिशातला चाकू उघडला आणि खांबाच्या पायाला लावला. जोर दिला नाही. पातं मुठीपर्यंत आत गेलं, पिकल्या पेरूत जावं तसं.

मग त्यांनी वरच्या एका भेगेतून नखाने पांढरट भुगा काढला, हुंगला, आणि हे काय आहे असं मला विचारलं.

मी सांगायच्या आत कुरोदा-सान आत गेल्या आणि नवी, स्वच्छ कापडाची पुरचुंडी दोन्ही हातांवर ठेवून घेऊन आल्या. देवापुढे ठेवावी तशी. "त्यांना सांगा," त्या मला म्हणाल्या, "रोज. एकही दिवस चुकवलेला नाही."

मी सांगितलं. मिस्टर हॅरोपनी पुरचुंडी हातात घेतली. तिच्याकडे पाहिलं, कुरोदा-सानकडे पाहिलं, आणि ती परत द्यायची की ठेवून घ्यायची ते न समजून तशीच धरून राहिले. नंतर ते माझ्याकडे बघून बोलले, एकेक वाक्य, मला सवड देत. जपानी खांब रंधा मारून गुळगुळीत केलेला असतो, त्यावर कोंडा टिकत नाही. ओकचं हे लाकूड ओलं असतानाच घडवलेलं, चारशे वर्षं तडकत आलेलं. त्याच्या भेगांत कोंड्याचं पीठ साचलं. ओल लागली, बुरशी आली, मग किडे. पण हे वरचं झालं, ते म्हणाले. खांब खालून कुजला तो कोंड्याने नाही. सिमेंटच्या तक्त्यांनी. कुडात ओल शिरते तशी निघूनही जाते. सिमेंटमागे ती अडकून बसते. त्यात आत थंड यंत्रं आणि बाहेर दमट हवा, म्हणजे भिंतीच्या पोटात पाणी धरणारच. तक्ते नसते तर कोंड्याने एवढं काही झालं नसतं.

दोन्ही गोष्टी मी जपानीत सांगितल्या, त्याच क्रमाने. तानाबे-साननी दोन्हींना मान हलवली.

कुरोदा-साननी एकच विचारलं, आता काय करायचं.

तक्ते काढून कूड घालायचा, खांबांचे पाय बदलायचे, ते कंपनीने करायचं, मिस्टर हॅरोप म्हणाले. आणि यांनी काहीच करायचं नाही. तेल नाही, कोंडा नाही, फडकंसुद्धा नाही. कोरड्या दिवसांत खिडक्या उघडायच्या आणि लाकडाला हात लावायचा नाही.

"काहीच नाही?" त्यांनी मला विचारलं. मी पुन्हा विचारून खात्री करून घेतली. काहीच नाही.

"काहीच न करणं, ते कसं करतात, विचारा त्यांना."

मी विचारलं. मिस्टर हॅरोप आधी हसले, आणि मग कुरोदा-सानच्या तोंडाकडे पाहून थांबले.

संध्याकाळी तानाबे-साननी मुख्य कचेरीला फोन केला. त्यांच्या खोलीचं दार चौकटीत नीट बसत नसे, कधीच लागायचं नाही. आम्ही दोघी बाहेर कप विसळत होतो. सगळं ऐकू येत होतं. जुन्या कर्मचारी बाई आहेत, त्यांनी समजुतीच्या घोटाळ्यात तांदळाचा कोंडा वापरला, त्यामुळे लाकूड खराब झालं. इंग्लंडच्या तज्ज्ञांनी तसं दाखवून दिलं. सिमेंट हा शब्द आलाच नाही.

मी हात पुसून आत गेले आणि म्हटलं, तानाबे-सान, मिस्टर हॅरोप दोन गोष्टी म्हणाले होते. ते उठून उभे राहिले. "हो, रेरे-सान. तीही आहे," ते म्हणाले. मग आवाज खाली आणून म्हणाले, "तक्ते ज्यांनी मंजूर केले, फोनवर तेच होते." आणि माझ्यापुढे वाकले. मी तशीच मागे फिरले.

बाहेर कुरोदा-सान कप पालथे घालत होत्या. "कोंडा मीच घातला," त्या म्हणाल्या. "ते खोटं नाही."

"पण ते पूर्ण खरंही नाही."

"पूर्ण खरं सांगितलं तर आजोबांचा पाय भरून येईल का?"

दुसऱ्या दिवशी त्यांनी सगळ्यांकडच्या पुरचुंड्या गोळा केल्या, कोंडा गुलाबांच्या वाफ्यांत ओतला, कापडं धुऊन वाळत घातली. पुढच्या मोसमात गुलाब फार चांगले आले.

आणि कुरोदा-सान काहीच न करण्याचं काम करू लागल्या. सकाळी खिडक्या उघडायच्या, संध्याकाळी लावायच्या. मधे हात किमोनोच्या बाह्यांत घालून फिरायच्या. चालता चालता एखाद्या तुळईकडे हात जाई, आणि धुण्याभांड्याच्या मुलींपैकी कुणीतरी "ओकामी!" असं ओरडे, की तव्याचा चटका बसल्यासारखा हात मागे. मुलींना त्यात गंमत वाटायची. पुढेपुढे त्यांना ओरडावं लागेना. थंडीत हवा कोरडी झाली की ओक मोठ्याने तडकत असे. पाहुणे दचकत. त्या सांगत, घाबरू नका, आजोबा बोटं मोडतायत. पण पाहुणे आता मोजकेच उरले होते. भुंगेऱ्याची गोष्ट पसरली होती.

कूड घालायचं कुणी नाव काढलं नाही. तक्ते तसेच राहिले. आबा एका रविवारी माझ्याबरोबर आले, हातोडीच्या दांड्याने एकेक खांब ठोकून पाहिला आणि म्हणाले, निम्म्याहून जास्त लाकूड अजून दगडासारखं आहे. मी ते तानाबे-सानना सांगितलं. तेही त्यांनी मान हलवून ऐकलं.

नंतरच्या वसंतात कंपनीने ठरवलं, बाग विकायची. जमीन घेणाऱ्याला घर नको होतं. मिस्टर हॅरोपनी इंग्लंडात विचारून पाहिलं आणि मला फोन केला. ज्या गावातून घर उचललं तिथे त्या जागेवर आता गाड्या उभ्या करतात, आणि गावाला घर परत नको आहे. ते सांगताना त्यांना फार वाईट वाटत होतं, आणि ऐकून घेण्यापलीकडे मलाही काही करता येत नव्हतं. कुरोदा-सानना मी सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "म्हाताऱ्या माणसाचं असंच होतं. इकडची खोलीही गेलेली असते आणि तिकडचीही."

मग त्यांनी एकच गोष्ट मागायचं ठरवलं. पाडा, पण खुंट्या काढून पाडा. आणलं तसं सुटं करा, खुणा आहेतच, आणि कुठल्यातरी गोदामात ठेवून द्या. कुणीतरी पुन्हा उभं करील. यासाठी त्या नागोयाच्या मुख्य कचेरीत जायला निघाल्या, आणि मला बरोबर घेतलं, कारण घराचे इंग्रजी कागद मला माहीत होते. त्यांनी काळा, कुलचिन्हांचा किमोनो नेसला होता. तो लग्नाला किंवा मयताला नेसतात.

आम्हाला वरच्या मजल्यावर काचेच्या खोलीत बसवलं. चहा आला, बरोबर पानात गुंडाळलेली मिठाई आली. एक तरुण अधिकारी फार अदबीने समोर बसला. कुरोदा-साननी सगळं सांगितलं, न थांबता, न रडता. तो मधे एकदाही बोलला नाही. शेवटी म्हणाला, आम्ही याचा सकारात्मक विचार करू, आणि लिफ्टपर्यंत सोडायला आला. लिफ्टचं दार मिटेपर्यंत तो वाकलेलाच होता.

भुयारी गाडीत मी म्हटलं, विचार करू म्हणाले, बरं झालं. कुरोदा-सान समोरच्या खिडकीतल्या काळोखाकडे बघत होत्या.

"चहा फार उत्तम होता," त्या म्हणाल्या. "पहिल्या तोडणीचा. आपलं ऐकायचं असतं तेव्हा साधा चहा देतात, रेरे-सान."

तसंच झालं. सुटं करायला महिने लागतात, यंत्राने पाडायला थोडे दिवस.

माझी पुस्तकं आणि छत्री मागच्या खोलीत राहिली होती, ती आणायला मी शेवटची गेले. गुलाबांच्या मधे पिवळं यंत्र येऊन उभं होतं. ते सुरू व्हायच्या आधी दिवे, काचा आणि हवेची यंत्रं काढून नेणारी माणसं आली होती. कुरोदा-सानना त्या दिवशी यायचं कारण नव्हतं, पण त्या आल्या होत्या, करडा किमोनो, बाह्या दोरीने बांधलेल्या. दुसरं पाहणार नाही, असं त्या म्हणाल्या होत्या. त्याची आठवण करून द्यायचं माझ्या मनात आलं नाही.

कामकऱ्यांचा मुकादम चांगला उंच माणूस होता. उंबऱ्याशी या वयस्क बाईंना पाहून त्याने शिरस्त्राण काढून काखेत धरलं आणि वाकून नमस्कार केला. त्यांनीही केला. तो मागच्या खोल्यांकडे वळला. तिकडे जाणारी चौकट फार ठेंगणी होती, वरची तुळई ओबडधोबड, आणि तिथे अंधार. नवखा माणूस तिथे आपटायचाच. कुरोदा-सान भरभर पुढे झाल्या, चवड्यांवर उभ्या राहिल्या आणि त्याचं कपाळ लागायच्या आत आपला तळहात मधे धरला. त्याचं डोकं त्यांच्या हातावर आपटलं. तो ओशाळून माफी मागू लागला.

"डोकं सांभाळा," त्या म्हणाल्या. "जुनं घर आहे."

मग त्या तिथेच थांबल्या. माणसं जात होती, येत होती, कुणाच्या हातात काचा, कुणाच्या खांद्यावर तारांची वेटोळी. प्रत्येकाला त्या तेच सांगत होत्या, त्याच आवाजात, जसं पांथशाळेत नव्या पाहुण्याला सांगत असतील. हात वर तसाच धरलेला. वर्षभर ज्या लाकडाला त्यांनी बोट लावलं नव्हतं त्याला त्यांच्या हाताची पाठ टेकली होती, आणि कुणी "ओकामी!" म्हणून ओरडलं नाही.

मी मागच्या खोलीतून पुस्तकं घेऊन आले. बसची वेळ होत होती. निरोप कसा घ्यायचा ते मी वाटेत जपानीत जुळवून ठेवलं होतं. त्यांनी हात खाली घेतला नाही, म्हणून त्यांना वाकताही येईना. त्यांनी नुसती मान लववली.

"रेरे-सान, डोकं."

मी काही उंच नाही. त्या दारातून इतके दिवस मी सरळ ये-जा करत होते, तुळई माझ्या केसांनाही कधी लागली नव्हती. त्यांच्या हाताखालून जाताना मी वाकले.